मोरचुदाचे डाग आणि दोन हजार टन

लष्कराची जुनी गाडी दुरुस्तीला काढली की बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "रंग मिलिटरीचाच देणार ना?" नाही. देताच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. त्याच रंगात कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी असली, तरी आज ती तुमच्या-माझ्या नावावर असेल तर तिला दुसरं काहीतरी फासावं लागतं. दादाला या नियमाचा भयंकर राग आहे. मला नाही. लष्कराची गाडी कुठली आणि हौशी माणसाची कुठली, हे नाक्यावरच्या हवालदाराला लांबून कळलं तर बिघडलं काय? शिवाय आमच्या जीपच्या बाबतीत रंग ही पुढची गोष्ट. आधी हे ठरायला हवं, की तिला कुठल्या सालापर्यंत मागं न्यायचं.

दादाला ती मिळाली पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षबागेत. मागच्या हौद्यात फवारणीची टाकी बसवलेली, आणि वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध, सांडून पत्र्यावर मोरचुदाचे निळे-हिरवे डाग पडलेले. मूळचं पेट्रोल इंजिन केव्हाच गेलं होतं. त्या जागी कुठल्यातरी टेम्पोचं डिझेल इंजिन, आणि ते मावावं म्हणून पुढच्या जाळीचे गज कापलेले. ताडपत्रीच्या जागी वेल्ड केलेलं पत्र्याचं छप्पर. लढाई खेळायला बनवलेल्या या गाडीनं आयुष्यातला बहुतेक काळ द्राक्षं राखली होती.

आपल्याकडच्या जुन्या जीपांची कथा थोड्याफार फरकानं हीच. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर इथं उरलेल्या गाड्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या, आणि जमीनदार, चहामळेवाले, ठेकेदार, पुढारी असा सगळ्यांनी त्यांचा फडशा पाडला. १९४९मध्ये महिंद्रांनी माझगावात विलिसच्या सुट्या भागांतून जीपा जुळवायला सुरुवात केली. त्यानंतर तर कुणाचा गिअरबॉक्स कुणाच्या चासीला आणि कुणाचं बोनेट कुणाच्या कपाळाला, याला धरबंदच राहिला नाही. पंजाबातलं मलोट आणि हरियाणातलं मंडी डबवाली ही गावं तर लष्करी भंगारातून नवीकोरी दिसणारी जीप उभी करण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही, पण तिथून आलेल्या गाडीचं जन्मसाल विचारू नये. आमची तिथली नाही एवढं समाधान.

आमचे मिस्त्री खेडचे. कुर्ल्याला गॅरेज. बोलतात थोडं, आणि तेही बहुधा पान्याशी. पहिल्याच दिवशी ते गाडीखाली सरपटत गेले आणि पुढच्या आडव्या दांड्याला हात लावून बाहेर आले. "फोर्ड हाय." विलिसच्या चासीत जाळीच्या खाली गोल नळी असते, फोर्डनं तिथं उलट्या यू आकाराचा पत्रा वापरला. अंधारात बोटांनी चाचपून ठरवता येईल असा हा फरक. मग त्यांनी एका बोल्टच्या डोक्यावर तारेचा ब्रश मारला. आधी चिखलाची खपली निघाली, मग कुणीतरी कधीतरी मारलेल्या निळ्या रंगाची, मग तांबूस गंज, आणि त्याखाली वाटाण्याएवढ्या जागेत उठावाचा एक इंग्रजी 'एफ'. फोर्डनं आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा कंपनीचं अक्षर उमटवलं होतं. आराखडा दुसऱ्याचा, घाई युद्धाची, तरी बोल्टावर नाव आमचं! मला हसू आलं. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पुढच्या बोल्टवर ब्रश धरला. त्यावर काही नव्हतं. "हा कुर्ल्याचा," ते म्हणाले.

या गाडीतली माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे तिचे पुढचे दिवे. ते बिजागरीवर बसवलेले असतात. एक पाकळीची नट सैल केली, बोनेट उघडलं, की दिवा उलटा फिरवून थेट इंजिनावर उजेड पाडता येतो. कागदावर आराखडा काढताना कुणीतरी अशा पोराचा विचार केला होता, जो रात्री, चिखलात, घाबरलेल्या अवस्थेत इंजिनात हात घालून उभा असेल. दुसरीकडे पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली ठेवणारेही तेच लोक. सीट उचलायची आणि पेट्रोल भरायचं. सैन्याचं प्रेम असंच असावं.

वजनाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९४०मध्ये अमेरिकन सैन्यानं मागणी काढली तेव्हा गाडीचं वजन १,३०० पौंडांच्या, म्हणजे ५९० किलोंच्या आत हवं होतं. कुणालाच ते जमलं नाही, मग मर्यादा २,१६० पौंडांवर नेली. विलिसची गाडी त्यातही बसेना, कारण त्यांचं २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन दणकट आणि जड. इंजिन सोडायची त्यांच्या मुख्य अभियंत्याची, बार्नी रूसची, तयारी नव्हती. मग गाडी पूर्ण खोलून एकेक भाग काट्यावर ठेवला गेला. नटाच्या बाहेर डोकावणारी बोल्टांची टोकं कापली. अखेर गाडी काठावर पास झाली. इतकी काठावर, की रंगाचा आणखी एक हात दिला असता तर नापास झाली असती, असं सांगतात. खरं-खोटं रूस जाणे. पण आमच्या जीपवरून मिस्त्री रंगाचे थर खरवडत होते तेव्हा खाली पडलेला ढीग बघून दादा म्हणाला, "यात एक जवान बसला असता."

मुंबईत लोखंड वाचवणं म्हणजे खाऱ्या हवेशी रोजचं भांडण. जूनमध्ये घासून लख्ख केलेला भाग तसाच उघडा ठेवला तर गणपतीपर्यंत त्यावर तांबूस साय धरते. म्हणून घासलं की त्याच दिवशी प्रायमर, हा गॅरेजचा धर्म. छोट्या भागांसाठी दादानं प्लास्टिकच्या पिंपात धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरलं, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक पाण्यात सोडलेल्या भंगार सळईला जोडलं. रात्रभर बारीक बुडबुडे येत राहतात आणि सकाळी गंज काळ्या चिखलासारखा सुटतो. मिस्त्रींचा यावर विश्वास नाही. त्यांचं औषध डिझेल, आच आणि सबुरी. अडकलेल्या नटावर संध्याकाळी डिझेल सोडायचं, सकाळी गॅसच्या ज्योतीनं नट तापवायची, बोल्ट नाही. नट फुगते, गंजाची पकड सुटते, मग पाना लावायचा. तोही आधी आवळायच्या दिशेनं, केसभर. आटे गेले तर ऐंशी वर्षांचा बोल्ट गेला. नट हलली की एक 'टक्' असा आवाज येतो. त्या आवाजासाठी मी रविवारी कुर्ल्याला जाते असं म्हटलं तरी चालेल.

दादा मात्र इंजिनासाठी जातो. विलिसचं जुनं इंजिन त्यानं खूप शोधून मिळवलं. त्यात व्हॉल्व्ह डोक्यात नसून बाजूला, ब्लॉकमध्येच असतात. हेड म्हणजे नुसतं जाड झाकण. उघडलं की सगळं समोर. व्हॉल्व्हला ग्राइंडिंग पेस्ट लावून, तळव्यांत काठी घुसळत, ताक करतात तसं फिरवत बसायचं, बैठकीवर राखाडी कडं नीट उमटेपर्यंत. हे काम मलाही देतात, कारण त्यात घाई केली तरच बिघडतं आणि मी घाई करत नाही.

आता हौद्यातले ते निळे डाग. दादाचं म्हणणं, साफ करा, १९४४ची गाडी १९४४सारखी दिसली पाहिजे. माझं म्हणणं, निदान मागच्या कोपऱ्यातला एक वीतभर पत्रा तसाच ठेवून वर लॅकर मारा. मुंबईतल्या विंटेज गाड्यांच्या रॅलीत मी चकाचक जीपा पाहिल्या आहेत. बॉनेटवर पांढरा तारा, मागं खोटी मशीनगन, रंग असा चकचकीत की भांग पाडावा. लढाईतल्या गाडीला चकाकी नसायचीच, चकाकी म्हणजे शत्रूला आमंत्रण. या गाड्या कुठल्याच काळातल्या वाटत नाहीत. मोरचुदाचा डाग मात्र खरा आहे. तो पडला तेव्हा त्या हौद्यात कुणीतरी घाम गाळत होतं. सरकारलासुद्धा २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या, मुळात फारसा बदल न केलेल्या गाड्यांची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. या हिशेबात द्राक्षबाग कुठे बसते, यावर आमच्या घरी दर रविवारी वाद होतो. मिस्त्रींना विचारलं तर म्हणतात, "ब्रेक लागला पायजे."

इंजिन चासीत बसवायच्या दिवशी छताच्या आय-बीमला चेन पुली टांगली होती. ढीगभर साखळी ओढावी तेव्हा इंजिन बोटभर वर येतं. ताकद लागत नाही, वेळ लागतो. मिस्त्रींनी साखळी माझ्या हातात दिली आणि स्वतः इंजिनाला नुसता एक हात लावून उभे राहिले, ते झुलू नये म्हणून. हवेत टांगलेलं वजन एका बोटानं फिरवता येतं. थांबवायला मात्र शहाणपण लागतं. हे मला ठाऊक होतं, पण गॅरेजमधून नाही. बाबा गोदीत होते. शाळेला सुट्टी असली की आम्ही पोरं जहाजावरून माल उतरताना बघत उभी राहायचो, आणि घरी आल्यावर खुंटीला दोरी बांधून पिशव्या चढवायचो. 'हाफिज' म्हणजे उचल आणि 'आरिया' म्हणजे सोड, हे मला बाराखडीबरोबरच आलं असावं.

त्यामुळे शहरात कुठे क्रेन उभी दिसली की माझे पाय आजही थबकतात. आणि या शहरात क्रेन नाही कुठे? सगळ्यात ओळखीची ती पिवळी हायड्रा. गल्लीत जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, पडलेलं झाड, काहीही उचलून बूमला, म्हणजे क्रेनच्या लांब हाताला, टांगलेलं ओझं तसंच झुलवत चालत जाणारी. तिच्यापुढे एक खलाशी, म्हणजे क्रेनवरचा मदतनीस, उलटा चालत असतो, एक हात ओझ्याच्या दोरीला, दुसऱ्यानं खुणा. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, मूठ मिटली की सगळं ठप्प. ऑपरेटरनं फक्त त्या एका माणसाकडे बघायचं. बाजूचे दहा जण काय ओरडताहेत ते ऐकायचं नाही. ऑफिसात ही पद्धत आली तर किती बरं होईल.

मोठ्या क्रेनचं गणित लोकांना चुकीचं वाटतं. पाचशे टनांची क्रेन म्हणजे पाचशे टन कुठेही उचलेल, असं नसतं. तो आकडा ओझं क्रेनच्या अगदी जवळ असतानाचा. बूम जसजसा आडवा होत लांब जातो तसतसा आकडा घसरत जातो, आणि पार टोकाला तीच क्रेन मूळ आकड्याच्या अगदी थोडक्या भागावर येते. केबिनमध्ये त्याचा तक्ता असतो, लोड चार्ट. त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. म्हणून खरी कसरत उचलण्याआधीची असते: क्रेन कुठे उभी करायची, तिचे चार पाय कशावर टेकवायचे. मुंबईत तर जमिनीखाली भराव, जुने नाले, कुणाच्या लक्षात नसलेल्या पाइपलाइनी. पायांखाली लाकडाचे ओंडके आणि पोलादी प्लेटा रचण्यात अख्खा दिवस जातो आणि प्रत्यक्ष उचल थोडक्या वेळात उरकते. बघायला आलेली गर्दी नेमकी कंटाळून निघून गेल्यावर.

रेल्वेच्या ब्लॉकमध्ये यातली नजाकत जास्त कळते, कारण तिथं घड्याळ चालू असतं. नोव्हेंबर २०२२मध्ये मशीद बंदरजवळचा ब्रिटिशकालीन कर्नाक पूल काढला तेव्हा मध्य रेल्वेनं सत्तावीस तासांचा ब्लॉक घेतला होता. लोक लोकल बंद म्हणून वैतागले होते, आणि मी घरच्यांना खोटं कारण सांगून पुलाकडे गेले होते. गॅसनं कापलेला एकेक तुकडा क्रेननं अलगद उचलून बाजूला ठेवला जात होता. दीडशे वर्षं रेल्वेच्या डोक्यावर उभं असलेलं लोखंड खाली येताना आवाज करत नाही, याचं नवल वाटलं.

अंधेरीच्या गोखले पुलाची तर सगळ्या शहरानं टिंगल केली. नवा पूल झाला आणि शेजारच्या बर्फीवाला पुलापेक्षा उंच निघाला. मधे माणूसभर नाही तरी मुलाएवढा फरक. विनोद झाले, व्हॉट्सॲप भरून वाहिलं. त्यावरचा उपाय मात्र फारसा कुणी नीट पाहिला नाही. व्हीजेटीआय या माटुंग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानं बर्फीवाला पूलच हायड्रॉलिक जॅक लावून उचलला, एका बाजूला १,३९७ मिलीमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५०. थोडं उचलायचं, खाली पोलादी ठोकळे सरकवायचे, पुन्हा थोडं उचलायचं. आमच्या गॅरेजमध्येही पहिला नियम हाच आहे: जॅक उचलायला, ठोकळा भरवशाला. मिस्त्रींना मी मोबाइलवर त्या पुलाचे फोटो दाखवले. त्यांनी ते बोटांनी मोठे केले, जॅकवर न थांबता थेट ठोकळ्यांवर गेले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "पॅकिंग बरी केलीनी."

पण माझ्या मते गेल्या काही वर्षांतली या शहरातली सगळ्यात देखणी उचल क्रेननं झालीच नाही. २६ एप्रिल २०२४च्या पहाटे सागरी किनारा मार्ग आणि वांद्रे-वरळी सेतू जोडणारी पहिली धनुष्याकृती तुळई बसवली. लांबी १३६ मीटर, वजन दोन हजार मेट्रिक टन. तिचे सुटे भाग हरियाणात अंबाल्याला बनले, ट्रेलरांवरून न्हाव्याला आले, तिथं जोडले गेले आणि सगळी कमान बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यावर, चढून समुद्रातून वरळीला पोचली. आता हे धूड खांबांवर ठेवायचं कसं? भरतीच्या पाण्यानं बार्ज उंच असताना तुळई खांबांच्या वर आणून धरायची आणि ओहोटीची वाट बघायची. पाणी उतरतं, बार्ज उतरते, तुळई खांबांवर टेकते. बार्ज हलकी होऊन खालून निघून जाते.

मला या कामाची वेळ फार आवडली. हनुमान जयंती होऊन तीन दिवस झाले होते, रात्री तिथी चालू होती चैत्र वद्य द्वितीया. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे रात्री दीडच्या सुमारास पूर्ण भरती, आणि नंतर ओहोटी. काम सुरू झालं दोनच्या सुमारास आणि संपलं साडेतीनच्या आत. अभियंत्यांकडे अर्थातच मिनिटामिनिटाचे तक्ते असणार, त्यांनी काही पंचांग उघडलं नसेल. पण वरळी कोळीवाड्यातल्या एखाद्या आजीला विचारलं असतं तरी तिनं वेळ बरोबर सांगितली असती. दोन हजार टन चंद्रानं खाली ठेवले आणि पगार दुसऱ्यांनी घेतला, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "तू आता झोप."

दुसरी तुळई मे महिन्यात बसली, तीही अशीच, आणखी जड, अडीच हजार टनांची. आता त्यावरून गाड्या ऐंशीच्या वेगानं जातात आणि कुणी वर बघत नाही. बघायला कुणी सांगितलंय म्हणा.

मागच्या महिन्यात गॅरेजची गल्ली खणायला घेतली, म्हणून जीप मिस्त्रींच्या दुसऱ्या शेडमध्ये हलवावी लागली. दादानं रीतसर हायड्रा बोलावली. हायड्रा आली आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकली, कारण वर केबलची जाळी. बूम उचलणार कुठे? ऑपरेटर केबिनमधून म्हणाला, "वजन किती?" अख्ख्या जीपचं हजार-अकराशे किलो, पण हौदा सुटा होता, नुसता पत्रा. त्यानं वाकून बघितलं. या जीपच्या हौद्याला बाहेरून मुठी असतात, गाडी रुतली की जवानांनी धरून उचलावी म्हणून. आमच्या मिस्त्रींनी त्या सगळ्या घासून, सरळ करून परत लावल्या होत्या. गल्लीतली पोरं आली, दादा आला, मी एका मुठीला लागले. ऑपरेटरही खाली उतरला आणि पुढं उभा राहून ओरडला, "हाफिज!" हौदा वर आला. टेम्पोपाशी पोचल्यावर "आरिया, आरिया, हळू... बास." मागून चासी तिच्या स्वतःच्या चाकांवरून, फळ्या टाकून ढकलत चढवली.

हायड्रानं दिवसभरात काहीच उचललं नाही. चार तासांचं मिनिमम भाडं मात्र त्यानं पूर्ण घेतलं, वर चहाही.